९६ कॅरेक्टरमध्ये उरकलेला पूल: ब्रिटिश विद्यापीठांसाठीच्या पर्सनल स्टेटमेंटचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचा उल्लेख इथे ‘अ’ असा केला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला ब्रिटनमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची होती, प्रवेश २०२६ चा. गणित आणि भौतिकशास्त्रात गुण चांगले होते. अकरावीच्या मधल्या सत्रात मात्र आजारपणामुळे गणिताचे गुण घसरले होते. शाळेत करिअर समुपदेशिका होत्या आणि तिचा अर्ज त्यांच्याच हातून जाणार होता.

ब्रिटनमधले पदवीचे अर्ज यूकास या संस्थेमार्फत भरले जातात. एका अर्जात जास्तीत जास्त ५ पर्याय देता येतात आणि सगळ्यांना एकच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का निवडला आणि त्यासाठी काय तयारी केली हे सांगणारे निवेदन, जाते. निर्णय होईपर्यंत तुम्ही आणखी कुठे अर्ज केला आहे हे कोणत्याही विद्यापीठाला दिसत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यक व पशुवैद्यक अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. अ च्या पर्यायांना ती लागू नव्हती. तिची मुदत होती १४ जानेवारी २०२६, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी ६.

२०२६ च्या प्रवेशापासून स्टेटमेंटचा साचा बदलला. पूर्वी एक सलग निबंध असे, आता तीन प्रश्न आहेत. हाच विषय का शिकायचा आहे? आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी तयारी कशी झाली? आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले, ते कसे उपयोगी पडेल? तिन्ही उत्तरे मिळून मर्यादा ४,००० कॅरेक्टरची आहे. त्यात अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागाही मोजल्या जातात. प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टरचे लागते. इंग्रजीत हे सगळे साधारण सव्वासहाशे शब्दांत बसवावे लागते. जागा किती अपुरी आहे, हे पहिला मसुदा लिहून होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

अडचण

पहिला मसुदा सप्टेंबरच्या शेवटी आला, ५,८७० कॅरेक्टरचा. समुपदेशिकांनी तो वाचून त्यावर शेरे मारले नाहीत. आधी कोणत्या गोष्टीला किती जागा दिली आहे हे मोजले आणि आकडे समासात लिहिले. लहानपणी ठोकळ्यांचे पूल बांधण्याची आवड: ७४०. सिव्हिल इंजिनिअरिंगचे समाजातले महत्त्व: ९८०. शाळेतले विषय आणि गुण: १,२४०. बॅडमिंटन, वादविवाद, वर्गप्रतिनिधी, स्वयंसेवा: १,४२०. आजारपण आणि घसरलेले गुण: ६१०. शेवटी कृतज्ञता आणि स्वप्ने: ७८४. उरले ९६ कॅरेक्टर, म्हणजे एक वाक्य. त्याचा आशय असा: ‘मी मोबाइल वापरून पादचारी पुलाच्या कंपनांवर एक प्रकल्पही केला.’

अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्या अख्ख्या मसुद्यात विचारावासा वाटेल असा प्रश्न फक्त याच वाक्यातून निघत होता. बाकी मजकूर खोटा नव्हता, पण तो कुणाचाही असू शकला असता. सिव्हिल इंजिनिअरिंग समाजासाठी किती मोलाचे आहे हे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाला सांगण्यात ९८० कॅरेक्टर गेले होते. बालपणीच्या प्रसंगांचे तर यूकासमध्ये जुने उदाहरण आहे. २००७ मध्ये स्टेटमेंटमधल्या साम्याची तपासणी झाली तेव्हा आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पडल्याची एकच आठवण २३४ अर्जांत सापडली होती. अ ने काहीच उचलले नव्हते. तरीही ठोकळ्यांच्या पुलापासून सुरुवात केली की अर्ज आपोआप गर्दीत जाऊन उभा राहतो.

त्यात एक चूकही होती, आणि तिचा फटका थेट बसला असता. महत्त्व सांगताना अ ने अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाचे उदाहरण घेतले होते. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेला हा पूल वाऱ्याची वारंवारता (सेकंदाला किती कंपने) आणि पुलाची नैसर्गिक वारंवारता (तो स्वतःहून ज्या ठेक्याने हलतो ती) जुळल्याने, म्हणजे रेझोनन्समुळे पडला, असे तिने लिहिले होते. अनेक पाठ्यपुस्तकांत तसेच असते. प्रत्यक्षात पुलाला पीळ पडू लागला आणि त्या पिळाच्या हालचालीमुळेच पूल वाऱ्याकडून आणखी ऊर्जा ओढून घेत गेला. याला फ्लटर म्हणतात. बाहेरून ठरावीक ठेक्याने बसणारे धक्के आणि हे, दोन्ही वेगळे. विषयातल्या माणसाला हे वाक्य लगेच खटकते.

शिवाय पर्यायांची यादी. पाचपैकी चार ठिकाणी सिव्हिल इंजिनिअरिंग आणि पाचव्या ठिकाणी आर्किटेक्चर. पाचही ठिकाणी जाणारा मजकूर मात्र एकच.

कोणते पर्याय होते

आर्किटेक्चरचा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, कारण लेखनाची दिशाच त्यावर अवलंबून होती. तीन वाटा होत्या. दोन्ही विषयांना पुरेल असा मोघम मजकूर लिहायचा. सरळ सिव्हिलसाठी लिहून आर्किटेक्चरचा अर्ज नशिबावर सोडायचा. किंवा पाचवा पर्यायच बदलायचा. पहिली वाट सगळ्यांत सुरक्षित वाटते आणि सगळ्यांत जास्त नुकसान तीच करते. चार ठिकाणचे प्राध्यापक वाचताना ‘हिला नक्की काय शिकायचंय?’ असे म्हणणार, आणि आर्किटेक्चरवाल्यांना रेखाटनाचा मागमूसही दिसणार नाही. अ ला विचारल्यावर कळले की आर्किटेक्चर तिने घरच्यांच्या सांगण्यावरून घातले होते. तिने ते काढले आणि त्या जागी सिव्हिल व आर्किटेक्चरल इंजिनिअरिंगचा जोड अभ्यासक्रम घेतला. त्याचा गाभा संरचनाशास्त्राचाच असल्याने एकच मजकूर पाचही ठिकाणी चालणार होता.

दुसरा प्रश्न आजारपणाचा. ते लिहू नये असे नाही, पण त्याची जागा स्टेटमेंटमध्ये नाही. शाळेकडून जाणाऱ्या संदर्भपत्राचे तीन भाग असतात आणि दुसरा भाग विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम करणाऱ्या अडचणींसाठीच ठेवलेला आहे. तिथे शाळेने दोन वाक्यांत तारखांसह लिहिले तर ती शाळेने दिलेली माहिती ठरते. विद्यार्थ्याने स्वतः ६१० कॅरेक्टर लिहिले तर ती सबब वाटते. अ च्या संमतीने मजकूर संदर्भपत्रात गेला आणि तिला ६१० कॅरेक्टर मोकळे मिळाले.

तिसरा पर्याय अ ने कुणाला न विचारता वापरून पाहिला. दुसऱ्या मसुद्यावरचे शेरे घेऊन तिने सगळी टिपणे एका एआय साधनात टाकली. तिसरा मसुदा ३,९९० कॅरेक्टरचा, गुळगुळीत, व्याकरणात निर्दोष. त्यातून पुलाच्या मोजमापातले सगळे आकडे गायब झाले होते आणि त्यांच्या जागी ‘विश्लेषणाची क्षमता विकसित झाली’ अशा अर्थाची तीन वाक्ये आली होती. भरीला एक नवा दावाही होता, प्रकल्पाचे निष्कर्ष तज्ज्ञांसमोर सादर केल्याचा.

“हे कधी सादर केलंस?” समुपदेशिकांनी विचारले.

“नाही केलं, मॅडम. ते त्यानंच घातलं. माझ्या लक्षातच आलं नाही.”

स्टेटमेंट आपले स्वतःचे आहे असे अर्जदार यूकासला घोषित करतो आणि प्रत्येक मजकूर साम्य शोधणाऱ्या यंत्रणेतून जातो. मुद्दे सुचवायला किंवा रचना तपासायला अशी साधने वापरणे वेगळे. संपूर्ण मजकूर किंवा त्याचा मोठा भाग त्यांच्याकडून लिहून घेऊन आपला म्हणून देणे ही फसवणूक मानली जाऊ शकते. इथे त्याहून जवळचा धोका असा होता की मुलाखतीत कुणी त्या सादरीकरणाबद्दल विचारले असते तर तिच्याकडे उत्तरच नव्हते. तिसरा मसुदा बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावरून काम पुढे सुरू झाले.

काय केले

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ४० मिनिटांची बैठक झाली. तिथे लिहिणे काहीच झाले नाही. समुपदेशिका फक्त विचारत गेल्या आणि अ जे बोलली ते तिच्याच शब्दांत टिपून घेतले. विषय एकच, ते ९६ कॅरेक्टर.

“मॅडम, पण तो प्रकल्प तर फसला होता.”

“फसला म्हणजे काय झालं, ते सांग.”

झाले होते ते असे. शाळेजवळच्या लोखंडी पादचारी पुलावर गर्दी झाली की पायाखाली हलल्यासारखे वाटते, म्हणून अ ने मोबाइलमधला ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) वापरून कंपने नोंदवायचे ठरवले. त्यासाठी फायफॉक्स हे मोफत ॲप घेतले. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने ते बनवले आहे आणि नोंदीतून वारंवारतांचा आलेखही ते काढून देते. तिने ६० सेकंदांच्या ४६ नोंदी घेतल्या. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदींत ८ हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला ८ कंपनांजवळ, मोठा उंचवटा दिसत होता. तो पुलाचा नव्हताच. मोबाइल ठेवला होता तो पत्रा एका बाजूने सैल होता आणि तोच थडथडत होता. मोबाइल मुख्य तुळईवर टेपने चिकटवल्यावर तो उंचवटा गेला. नंतरच्या नोंदींत पूल रिकामा असताना २.४ हर्ट्झ आणि शाळा सुटताना २.२ हर्ट्झ मिळाले. माणसांचे वजन वाढले की नैसर्गिक वारंवारता कमी होते, असा निष्कर्ष तिने काढला. तेव्हा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी विचारले: माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, मग हे २.२ हर्ट्झ पुलाचे कशावरून? ते पावलांचेही असू शकतात. अ कडे उत्तर नव्हते. तिने प्रकल्प तिथेच सोडला.

पहिल्या मसुद्यात तो एका वाक्यात का उरकला गेला, याचे कारण हे. विद्यार्थी जे तडीस गेले तेच लिहितात. अर्ज वाचणाऱ्यांना मात्र सैल पत्र्याची चूक कशी सापडली आणि पावलांच्या प्रश्नावर आज ही मुलगी काय म्हणते, यातच रस असतो. पुढचे तीन वर्षे ती तेच करणार असते.

चौथ्या मसुद्यापासून हा भाग तिसऱ्या उत्तराचा कणा झाला. दुसऱ्यात घालावा की तिसऱ्यात, यावर थोडी चर्चा झाली. प्रकल्प अभ्यासक्रमाचा भाग नव्हता, तिने स्वतःहून केला होता, म्हणून तिसऱ्यात. त्यामागचे गणित दुसऱ्यात गेले. तिन्ही उत्तरे एकत्रच वाचली जातात, त्यामुळे कोणता मुद्दा कोणत्या चौकटीत बसतो यावर फार रात्री जागवू नयेत; तोच मुद्दा दोनदा आला नाही म्हणजे झाले.

अखेरच्या मजकुराचा आशय असा होता: ‘पहिल्या दोन दिवसांचे आकडे मला टाकून द्यावे लागले, कारण मी पूल नव्हे तर एक सैल पत्रा मोजत होते. तुळईवरून घेतलेल्या नोंदींत गर्दीच्या वेळी वारंवारता २.४ वरून २.२ हर्ट्झवर आली. हा वाढलेल्या वजनाचा परिणाम की चालण्याचा ठेका, हे माझ्या नोंदींवरून सांगता येत नाही. लोकांना पुलावर स्थिर उभे करून एकाने टाचा उंचावून एकदाच आदळल्या, तर पूल स्वतःच्या वारंवारतेने कंप पावेल आणि पावलांचा ठेका मध्ये येणार नाही.’ इंग्रजीत याला ८२० कॅरेक्टर लागले.

तिसऱ्या उत्तराची उरलेली जागा संरचना अभियंत्याच्या कार्यालयात काढलेल्या पाच दिवसांना मिळाली. आधीच्या मसुद्यात तिथे ‘व्यावसायिक वातावरणाचा अनुभव’ असे शब्द होते. ‘तिथे हातात काय घेतलं होतंस?’ या प्रश्नाला उत्तर आले, मोजपट्टी. स्लॅबच्या नकाशात सळ्यांमधले अंतर १५० मिलिमीटर होते, जागेवर दोन ठिकाणी तिने १६५ ते १७० मोजले, आणि काँक्रीट ओतण्याआधी तिथल्या सळ्या सोडून पुन्हा बांधल्या गेल्या. तेवढेच लिहिले. बॅडमिंटन, वादविवाद आणि वर्गप्रतिनिधी यांतले काहीच उरले नाही. स्वयंसेवेचे एक वाक्य राहिले, कारण त्यात जिन्याऐवजी उताराची गरज कुणाला पडते हे तिने पाहिले होते आणि ते पुलाच्या विषयाशी जुळत होते.

पहिल्या उत्तरातून ठोकळे गेले, टॅकोमाही गेला. चूक दुरुस्त करून टॅकोमा ठेवता आला असता, पण तिला खरे कुतूहल लंडनच्या मिलेनियम पुलाचे होते. १० जून २००० रोजी तो खुला झाला, लोक चालू लागताच बाजूला डोलू लागला, दोन दिवसांत बंद झाला आणि कंपने शोषून घेणारे डॅम्पर बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला. चालणारा माणूस खाली जसा जोर देतो तसा थोडा बाजूलाही देतो. पूल डोलू लागला की तोल सांभाळण्यासाठी लोक त्याच ठेक्यात पाय टाकतात आणि डोलणे वाढते. अ ने स्वतः फक्त उभ्या दिशेची कंपने मोजली होती, आडवी नाहीत, आणि हे तिला लिहिताना उमगले. सुरुवात तिथूनच केली.

दुसऱ्या उत्तरात गुण लिहिले नाहीत, कारण ते अर्जात दुसरीकडे असतातच. गणितातल्या अवकल समीकरणांवरून तिने कंपने हळूहळू का विझतात हे कसे समजून घेतले ते आले, आणि प्रयोगशाळेत मोजमापातल्या त्रुटीचा अंदाज कसा बांधतात तेही.

मग छाटणी. सहावा मसुदा ४,३१० कॅरेक्टरचा होता. ‘मला असे ठामपणे वाटते की’ अशा वाक्यारंभांची यादी केली, तसे ११ सापडले. ते काढल्यावर अर्थ कुठेच बदलला नाही. एका वाक्यात एका विद्यापीठाचे नाव राहून गेले होते, उरलेल्या चार विद्यापीठांनी ते वाचले असते. काढले. अखेरचे आकडे: पहिले उत्तर १,१४०, दुसरे १,३१०, तिसरे १,५२०, एकूण ३,९७०. मजकूर बाहेर साध्या दस्तऐवजात तयार करून यूकासच्या पानावर चिकटवला, कारण ठळक वा तिरके अक्षर तिथे टिकत नाही आणि ग्राह्य धरला जातो तो तिथलाच मोजणीचा आकडा. शेवटी अ ने सगळे मोठ्याने वाचले. जिथे श्वास अडकला तिथे वाक्य तोडले. अर्ज ९ जानेवारीला गेला. एकदा पाठवल्यावर स्टेटमेंट बदलता येत नाही, म्हणून शेवटचे दोन दिवस फक्त तपासणीसाठी ठेवले होते.

निष्पत्ती

पाचपैकी चार ठिकाणांहून सशर्त प्रवेश मिळाला, एका ठिकाणी नकार. नकाराचे कारण ठरावीक साच्यातले होते, त्यातून शिकण्यासारखे काही निघाले नाही. चार होकार स्टेटमेंटमुळेच आले असेही म्हणता येत नाही. गुण, अपेक्षित निकाल आणि संदर्भपत्र यांचे वजन मोठे असते.

मजकुराचा थेट उपयोग एका मुलाखतीत दिसला. पहिलाच प्रश्न सैल पत्र्याबद्दल होता: तो उंचवटा पुलाचा नाही हे कसे कळले? अ ने मोबाइलची जागा बदलून घेतलेल्या नोंदी समजावून सांगितल्या. पुढचा प्रश्न, टाच आदळल्यावर कंपन किती वेळ टिकेल आणि त्यावरून पुलाबद्दल काय कळेल. इथे ती अडखळली. प्राध्यापकांनी आलेख काढायला सांगितले, आणि प्रत्येक लाटेची उंची मागच्या लाटेपेक्षा ठरावीक प्रमाणात कमी होते इथपर्यंत ती पोहोचली. याच विद्यापीठाने तिला प्रवेश दिला.

काय वेगळे करता आले असते

ती ४० मिनिटांची बैठक पहिल्या मसुद्याच्या आधी व्हायला हवी होती. कोरा कागद समोर ठेवला की विद्यार्थी इंटरनेटवरच्या नमुन्यांकडे वळतो आणि मग त्या साच्यातून त्याला बाहेर काढण्यात महिना जातो. इथे पहिले दोन मसुदे जवळजवळ पूर्ण टाकून द्यावे लागले.

वाचणाऱ्यांची संख्या जास्त झाली. पाचवा मसुदा पाच जणांकडे गेला. एका नातेवाइकाने बालपणाचा परिच्छेद परत घालायला सांगितले आणि अ ने तो घातलाही. दोन वाचक पुरे: एक विषय जाणणारा, एक विषय न जाणणारा पण भाषेकडे नीट पाहणारा. टॅकोमाची चूक भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एका मिनिटात दाखवली असती, पण मसुदा त्यांच्याकडे पोहोचला तो नोव्हेंबरमध्ये.

दुसरे उत्तर शेवटपर्यंत दुबळे राहिले. त्यात दोन विषय आहेत, पण एकही क्षण असा नाही की जिथे तिचे आधीचे मत बदलले. वेळ तिसऱ्या उत्तरावर खर्च झाला आणि याच्या वाट्याला उरलेसुरले आले.

पण सगळ्यांत जास्त खटकते ते टाच आदळण्याचे वाक्य. ते ऑक्टोबरच्या शेवटी लिहिले गेले आणि अर्ज जानेवारीत गेला. पूल शाळेजवळच होता, वर्गातली वीस मुले हाताशी होती, ॲप मोबाइलमध्ये होतेच. अर्ध्या तासाचे काम. मजकुरात ‘असे करता येईल’ लिहून सगळे थांबले. एका दुपारी पुलावर जाऊन ते करून पाहावे, हे विद्यार्थिनी, समुपदेशिका आणि शिक्षक यांपैकी कुणालाही सुचले नाही. मुलाखतीत ती ज्या प्रश्नावर अडखळली, त्याचे उत्तर त्या आलेखात तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले असते.